सुतळी

एक खुंटी भेगेच्या वर, दुसरी खाली.
दोन्ही निलगिरीच्या, एकाच फांदीच्या.
मधलं अंतर दर गुरुवारी मोजायचं
आणि वहीत उतरवायचं, एवढंच माझं काम.
बाकीचं डोंगराचं.

एकशे बारा सेंटिमीटर.
एकशे बारा.
एकशे बारा आणि वर काहीतरी.
(पट्टी ओली होती, बोट थरथरलं. हेही लिहिलं.)
एकशे चौदा.

मासाबा. डोंगराचं नाव, आणि आमच्या मूळ पुरुषाचंही.
म्हणून विद्यापीठाच्या तक्त्यात
‘सरकणारी वस्तू’ या रकान्यापाशी
मी दर वेळी अडखळते.
पूर्वजाला वस्तू कसं म्हणायचं?

माती लोखंडी नळीत ठोकून घ्यायची.
ओली तोलायची,
म्बालेला नेऊन भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची.
जी तूट येते ते पाणी.
मेमध्ये कोरड्या मातीच्या निम्म्याला निम्मं
पाणी निघालं.
त्यावर माणसं निजत होती,
कोंबड्या, केळींची बाग,
एक पायाचं शिवणयंत्र.

यंत्र म्हाताऱ्या खाइत्साचं. घर भेगेच्या खालच्या अंगाला.
तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
“खुंटी सरकली की डोंगर, हे तुला कोण सांगतं?”
मी म्हणाले, वरची खुंटी स्थिर आहे
असं आम्ही धरून चालतो.
“उतारावर, पोरी,
सगळे धरूनच चालतात.”

मग मला घराच्या बाजूला घेऊन गेली, कॉफीत.

“वोपुवाने ही लावली तेव्हा
या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली होती.
एक टोक माझ्या हातात. थोरला पोटात.
सरळ धर, सरळ धर म्हणून दिवसभर ओरडला.
माणूस कसाही असो,
रांग सरळ होती.”

अकरा झाडं सरळ.
बाराव्यापासून सगळी खाली उतरलेली,
पण आपापसांत अजून ओळीत,
वाचता वाचता डुलकी लागून
नजर खालच्या ओळीवर जावी तशी.
एकही झाड मोडलेलं नाही. फळं धरलेली, हिरवी.

पिशवीतून सुतळी काढली.
त्या टोकाला ती, या टोकाला मी.
“सरळ धर,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

एकसष्ट सेंटिमीटर.
थोरला आता तेहतिशीचा, कंपालाला गाड्या रंगवतो.
मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला:
वर्षाला दोनाला थोडं कमी.
आणि पुढच्या पानावर, गेल्या चार गुरुवारांत,
दोन.

म्हणजे तेहतीस वर्षं वर्षाच्या वेगाने
आणि आता महिन्यात एक वर्ष.
मी हे तिला तीनदा सांगितलं,
आमच्या भाषेत, मग बोटांवर, मग बिया मांडून.
तिने बिया उचलून ओच्यात टाकल्या.
“कॉफीला पाय फुटलेत, एवढंच ना.
ते मला तुझ्याआधी ठाऊक आहे.”

तरी परवा चौघांनी मिळून शिवणयंत्र वर नेलं,
शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं, केळीच्या पानांनी झाकलं.
ती मात्र खालीच.
तोडणीला तीन महिने आहेत म्हणते,
आणि फळ चोर नेतात.

आज रात्री कंदिलाशी तक्ता भरतेय.
उपकरण: सुतळी.
निरीक्षक: वोपुवा (हयात नाही), खाइत्सा (तेव्हा पोटुशी).
अचूकता:

अचूकतेचं तिलाच विचारायला हवं,
सुतळी तेव्हा ओली होती का, हात किती वेळ अवघडला होता.
गुरुवारी विचारते.

गुरुवारी ती तिथे नसलेली बरी.